तारली-बांगड्याचा साठा कसा जोखावा : सोलापुरात बसून शिकलेली मोजणी

रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून, आंबा घाट चढून, कोल्हापूर, मिरज, सांगोला करीत रत्नागिरीची तारली सोलापूरच्या बाजारात पोहोचते, तेव्हा ती बर्फात किमान एक रात्र काढून आलेली असते. अशाच एका पेटीसमोर उभे राहून माझ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचारले होते की, यंदा तारली इतकी स्वस्त आहे, म्हणजे समुद्रात ती भरपूर आहे असे समजायचे का. भावावरून साठा कळत नाही, एवढे उत्तर मी तेव्हा दिले. साठा कशावरून कळतो, हे सांगण्यासाठी मात्र पुढे दोन वर्षे मोजणी करावी लागली आणि तिच्यात चुकाही झाल्या. ज्यांना तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या वरच्या थरात थव्याने फिरणाऱ्या लहान माशांच्या साठ्याची स्थिती पदवी-पदव्युत्तर पातळीवरच्या साधनांनी जोखून पाहायची आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे क्रमाने मांडतो.

प्रश्न आधी ठरवावा

साठा म्हणजे आपापसांत प्रजनन करणारा, वाढ आणि मृत्यू यांचे एकच गणित ज्याला लागू पडते असा एका जातीच्या माशांचा समूह. त्याला जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ठाऊक नसते. पश्चिम किनाऱ्यावरच्या तारलीचा मुख्य पसारा केरळ आणि कर्नाटक या बाजूला असून आपल्या किनाऱ्यावर ती कमी-अधिक प्रमाणात येत-जात असते. म्हणून केवळ रत्नागिरीच्या आकड्यांवरून ‘तारलीचा साठा’ असे शीर्षक देणे चुकीचे ठरेल. अहवालाच्या पहिल्याच ओळीत कोणत्या बंदरांवरची, कोणत्या जाळ्यांची आणि कोणत्या महिन्यांची मासळी मोजली, हे लिहावे.

दुसरी गोष्ट अशी की, ‘स्थिती’ या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. आज होत असलेला उपसा झेपण्याजोगा आहे का, हा एक. आणि समुद्रात आज शिल्लक असलेला साठा पुरेसा आहे का, हा दुसरा. विहिरीतून पाणी किती वेगाने उपसले जाते आणि विहिरीत पाणी किती आहे, हे प्रश्न वेगळे आहेत, हे आपल्याकडच्या कोणत्याही बागायतदाराला सांगावे लागत नाही. मासळीच्या बाबतीत मात्र जाणकारांच्या लिखाणातही त्यांची सरमिसळ झालेली आढळते. लांबीच्या मोजणीवरून मुख्यत्वे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसऱ्यासाठी अनेक वर्षांचे उत्पादनाचे आकडे किंवा समुद्रातली स्वतंत्र पाहणी लागते.

नमुना : सगळे येथेच ठरते

आमची पहिली चूक सांगतो. सोलापूरच्या बाजारातच मासे मोजले तर प्रवासखर्च वाचेल, असा विचार करून आम्ही चार महिने दर रविवारी पेट्या उघडून तारल्या मोजल्या. आलेख काढला तेव्हा त्यात १६ ते १८ सेंटिमीटरच्या आसपास एकच उंच, अरुंद शिखर दिसले आणि लहान मासे जवळजवळ नव्हतेच. विद्यार्थी आनंदले, पिल्ले पकडली जात नाहीत, साठा उत्तम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विक्रेत्याला विचारल्यावर खुलासा झाला. सोलापूरला एकसारखा, मध्यम मोठा मालच चालतो म्हणून बंदरावरच प्रतवारी होते. बारीक तारली मासळीकुटाच्या कारखान्याकडे वळते, आणि आमच्या पेट्यांपैकी काही तर रत्नागिरीच्या नव्हत्याच, त्या कर्नाटकातून आल्या होत्या. चार महिन्यांत आम्ही मोजली होती ती सोलापूरकरांची आवड.

ही चूक आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने करायला नको होती, कारण पीक कापणी प्रयोग आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. रब्बी ज्वारीचे उत्पन्न ठरवताना शेतकऱ्याने दाखवलेला चांगला तुकडा न घेता, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात यादृच्छिक जागी १० मीटर बाय ५ मीटरची चौकट आखून तेवढीच कणसे कापतात. या पद्धतीला शास्त्रीय पाया देणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. त्यांनीच पानसे आणि शास्त्री यांच्यासह १९५८ साली भारतातल्या सागरी मासळीचा अंदाज नमुना पद्धतीने कसा घ्यावा यावर निबंध प्रसिद्ध केला. शिवारातली चौकट आणि बंदरावरची टोपली यांच्यामागे एकच विचार आहे. १९४७ साली स्थापन झालेली, कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही देशाच्या सागरी उत्पादनाचा अंदाज स्तरित, बहुटप्पी यादृच्छिक नमुना पद्धतीनेच काढते. म्हणजे किनाऱ्याचे विभाग पाडून, त्यातून बंदरे आणि दिवस निवडून, त्या दिवशी लागलेल्या नौकांतून काही नौका निवडून.

आपल्याला जमेल असा क्रम असा. बंदर निवडावे आणि शक्य असल्यास एकाऐवजी दोन निवडावीत. दर महिन्याला ठरावीक दोन किंवा तीन दिवस आधीच चिठ्ठी टाकून ठरवावेत. मासळी जोरात लागली असे फोनवर कळल्यावर जाऊ नये. त्या दिवशी लागणाऱ्या नौकांपैकी, उदाहरणार्थ, दर पाचवी नौका घ्यावी. मासळीची प्रतवारी होण्यापूर्वी, लिलावाच्या आधी, क्रेटच्या वरच्या थरातून न घेता आतपर्यंत हात घालून सुमारे ५ किलोचा नमुना घ्यावा. उतरवताना मोठे मासे वर राहतात किंवा मुद्दाम वर लावले जातात.

जाळ्याची नोंद वगळली तर पुढचे सगळे फुकट जाते. गिलनेट म्हणजे आसाच्या (जाळ्याच्या छिद्राच्या) मापाने मासा निवडणारी चाळणीच असते. ठरावीक लांबीहून लहान मासा त्यातून निसटतो आणि फार मोठा अडकत नाही. पर्ससीन आणि रापण थवा घेरून आणतात, त्यामुळे त्यांच्यातला लांबीचा विस्तार समुद्रातल्या थव्याच्या अधिक जवळचा असतो. नौकेमागून ओढत नेल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याचा प्रकार निराळा. म्हणून प्रत्येक जाळ्याचा तक्ता स्वतंत्र ठेवावा. महाराष्ट्रात २०१६ च्या आदेशानुसार राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली गेली, आणि १ जून ते ३१ जुलै हा बंदीकाळ आहे. त्यामुळे वर्षभराचा सलग तक्ता एकाच जाळ्यातून मिळणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. तारलीचा प्रजननकाळ पावसाळ्यात येतो, म्हणजे नेमक्या त्याच काळात आपली वही कोरी असते.

आता एक हिशेब, जो विद्यार्थी हमखास चुकवतात. समजा एका नौकेने २००० किलो तारली आणली आणि आपण ५ किलो मोजली. दुसरीने २०० किलो आणली आणि तिचीही ५ किलो मोजली. पहिल्या नौकेच्या नमुन्यातला प्रत्येक मासा ४०० माशांचे प्रतिनिधित्व करतो, दुसरीचा फक्त ४० माशांचे. दोन्ही नमुने तसेच एकत्र केले तर छोट्या नौकेचे माप दहापट फुगते. नौकेच्या एकूण वजनाला नमुन्याच्या वजनाने भागून येणाऱ्या आकड्याने प्रत्येक नमुना गुणून मगच बेरीज करावी.

ओळख आणि मापन

तारली आणि तिच्यासारखेच दिसणारे पेडवे यांची गल्लत होऊ देऊ नये. तारलीचे डोके शरीराच्या मानाने लांब असते आणि कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका दिसतो. पेडव्यांच्या जाती लहान राहतात आणि त्यांची वाढीची मर्यादा वेगळी असल्याने, त्या मिसळल्या की तारलीत पिल्ले फार आहेत असा भास होतो. बांगड्याची ओळख पटवायला अडचण येत नाही.

मापनफळी सुताराकडून करून घेता येते : एका टोकाला काटकोनात उभी पट्टी, मध्ये खाच आणि तिच्यात चिकटवलेली मिलिमीटरची पट्टी. माशाचे तोंड बंद करून उभ्या पट्टीला टेकवावे, मासा उजव्या कुशीवर सरळ ठेवावा, शेपटीचे दोन्ही पंख हलकेच जवळ आणून टोकापर्यंतची एकूण लांबी वाचावी. काही जण शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी घेतात. तीही चालते, मात्र संपूर्ण अभ्यासात एकच पद्धत हवी आणि इतरांचे आकडे वापरताना त्यांची पद्धत तपासायला हवी. बर्फातून आणि विशेषतः गोठवणीतून निघालेला मासा किंचित आखडलेला असतो. हा ‘किंचित’ किती महाग पडतो, ते पुढे दिसेल.

प्रत्येक नमुन्यातल्या पंचवीस-तीस माशांचे वजन करून पोट उघडावे, नर-मादी नोंदवावे आणि गाबोळीची अवस्था पाहावी : दोऱ्यासारखी पातळ, दाणे दिसू लागलेली, पोटभर भरलेली, की रिकामी पिशवी झालेली. ज्या लांबीला निम्म्या माद्या पक्व आढळतात, ती प्रथम पक्वतेची लांबी. तारलीत ती साधारण १५ सेंटिमीटरच्या आसपास येते. केरळने २०१५ साली तारलीसाठी १० आणि बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर अशी किमान कायदेशीर लांबी ठरवली. माझ्या मते विद्यार्थ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, म्हणजे कायद्याने चालणारा मासा हा एकदा तरी प्रजनन केलेला मासा असतोच असे नाही, हे त्यांच्या लक्षात राहील.

लांबीवरून उपसा

दर महिन्याचे मासे ५ मिलिमीटरच्या गटांत मांडले की आलेखात शिखरे दिसतात आणि महिन्यागणिक ती उजवीकडे सरकतात. त्या सरकण्यावरून वाढीचे दोन आकडे मिळतात : मासा दीर्घकाळ जगला तर सरासरी ज्या लांबीला पोहोचेल ती मर्यादा, आणि त्या मर्यादेकडे तो किती वेगाने जातो तो वार्षिक गुणांक. संगणक प्रणाली हे काम क्षणात करतात, तरी पहिल्या वर्षी आलेख कागदावर काढून शिखरे पेन्सिलीने जोडावीत असा माझा आग्रह असतो, कारण दोन वेगळ्या पिढ्यांची शिखरे एकच समजून जोडण्याची चूक प्रणालीही निमूटपणे करते.

उदाहरण म्हणून कल्पित आकडे घेऊ. तारलीची वाढीची मर्यादा २२ सेंटिमीटर, वेग-गुणांक वर्षाला १, आणि जाळ्यात पूर्णपणे सापडू लागण्याची लांबी १३ सेंटिमीटर. तेरा सेंटिमीटरपासून पुढच्या सर्व माशांची सरासरी लांबी १५.६ सेंटिमीटर आली. बेव्हर्टन आणि होल्ट या मत्स्यशास्त्रज्ञांच्या सूत्राप्रमाणे मर्यादेतून सरासरी वजा करावी, म्हणजे ६.४; सरासरीतून पकड-लांबी वजा करावी, म्हणजे २.६, पहिल्याला दुसऱ्याने भागून वेग-गुणांकाने गुणावे. एकूण वार्षिक मृत्युदर २.४६ येतो.

यातला मासेमारीचा वाटा वेगळा काढण्यासाठी नैसर्गिक मृत्युदर लागतो. पॉली यांनी १९८० मध्ये दिलेल्या सूत्रात वाढीचे दोन आकडे आणि पाण्याचे सरासरी तापमान भरतात. आपल्या किनाऱ्यासाठी २८ अंश सेल्सिअस धरल्यास उत्तर १.९५ येते, आणि थव्याने राहणाऱ्या माशांसाठी ते ०.८ ने गुणावे अशी शिफारस असल्याने १.५६. एकूण दरातून हा वजा केला की मासेमारीचा दर ०.९० उरतो. त्याला एकूण दराने भागल्यावर मिळणारे उपसा-गुणोत्तर ०.३७ आहे.

गुलंड यांच्या जुन्या संकेतानुसार हे गुणोत्तर ०.५ पर्यंत चालते असे मानले जाई. तथापि पॅटरसन यांनी १९९२ मध्ये लहान, थव्याच्या माशांचे अनेक साठे तपासून दाखवले की, ०.४ च्या वर उपसा गेला की हे साठे घसरणीला लागतात. तारली-बांगड्यासाठी मी ०.४ हीच मर्यादा धरतो. आपला ०.३७ तिच्या आत बसला, म्हणून ‘साठ्यावरचा उपसा झेपण्याजोगा’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते.

येथे थांबून तेच गणित सरासरी १५.२ सेंटिमीटर धरून पुन्हा करावे. ६.८ भागिले २.२, म्हणजे एकूण दर ३.०९, मासेमारीचा दर १.५३, गुणोत्तर ०.५०. फरक अवघा चार मिलिमीटरचा, आणि निकाल झेपण्याजोग्यावरून थेट अतिउपशावर. बर्फात आखडलेला मासा, शेपटी नीट न जोडणारा मापक, क्रेटच्या वरच्या थरातून घेतलेली ओंजळ, यांपैकी कोणतेही एक कारण चार मिलिमीटर इकडेतिकडे करायला पुरेसे आहे. उलट बाजूने, ०.८ चा गुणक वापरायचे विसरले तर पहिलेच उदाहरण ०.२१ वर उतरते आणि मासेमारी दुप्पट करायला हरकत नाही असे वाटू लागते. म्हणून एकच आकडा कधीही छापू नये. सरासरी लांबी, नैसर्गिक मृत्युदर आणि वाढीची मर्यादा हे तिन्ही थोडे वर-खाली करून निकालाचा पट्टा द्यावा. तो पट्टा ०.४ ओलांडत असेल तर ‘सीमेवर’ एवढेच लिहावे.

पडताळ्यासाठी एक सोपे निरीक्षण जोडावे : पकडीत प्रथम पक्वतेहून मोठे मासे शेकडा किती, आणि मर्यादेच्या जवळ पोहोचलेले मोठे मासे किती. दोन-अडीच वर्षांचे आयुष्य असलेल्या माशात मोठे मासे तीन हंगाम सलग घटत असतील, तर गुणोत्तर काहीही म्हणो, काळजी करावी.

प्रति फेरी पकड फसवते

साठा घटला की दर फेरीला मिळणारी मासळी घटते, हा नियम तळाला विखुरलेल्या माशांना बराच लागू पडतो. थव्याच्या माशांना तो लावणे ही या विषयातली सर्वांत धोकादायक चूक आहे. थव्याच्या माशांची संख्या घटली तरी उरलेले मासे एकत्रच राहतात. थवे कमी होतात, पण जो थवा सापडतो तो तेवढाच दाट असतो, आणि पर्ससीनवाला थवा दिसल्याशिवाय जाळे टाकतच नाही. त्यामुळे प्रति जाळे पकड वर्षानुवर्षे टिकून राहते आणि साठा आतून पोखरला गेल्यावर ती एकदम कोसळते. त्यात आता ध्वनिलहरींनी थवा शोधणारे ‘सोनार’ यंत्र आले, थवा दिसल्याची वार्ता मोबाइलवरून क्षणात दहा नौकांना जाते, आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचनाही मिळते. नौका तीच, तांडेल (नौकेचा प्रमुख) तोच, तरी दहा वर्षांपूर्वीची फेरी आणि आजची फेरी या सारख्या राहिलेल्या नाहीत.

म्हणून तांडेलाला ‘किती मिळाली’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावे की, पहिला थवा दिसेपर्यंत किती तास गेले, किती मैल हिंडावे लागले, किती वेळा जाळे न टाकता परतला, किती डिझेल जळाले. शोधाचे तास हे थव्याच्या माशांसाठी पकडीपेक्षा अधिक बोलके माप आहे. आमच्या वहीत हा रकाना दुसऱ्या वर्षी आला, आणि पहिल्या वर्षाचे आकडे तुलनेसाठी निकामी झाले.

उत्पादनाच्या आकड्यांचे प्रारूप

पंधरा-वीस वर्षांचे उत्पादन हाती असेल तर शेफर यांच्या प्रारूपाने साठ्याचा अंदाज घेता येतो. त्यात मूळ साठ्याच्या निम्म्यावर कमाल टिकाऊ उत्पादन मिळते असे धरतात, आणि आजचा साठा त्या निम्म्याच्या वर आहे की खाली, तसेच उपसा मर्यादेच्या आत आहे की बाहेर, यावरून साठ्याला चार घरांपैकी एक घर मिळते. केंद्रीय संस्थेने २०२२ सालच्या स्थितीसाठी देशातले १३५ साठे तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचा तिचा निष्कर्ष होता.

तारलीला हे प्रारूप लावताना मी हात आखडता घेतो. समुद्राची धारणशक्ती, म्हणजे तो जास्तीत जास्त किती साठा पोसू शकतो ते प्रमाण, वर्षानुवर्षे स्थिर असते असे ते गृहीत धरते, आणि या माशांच्या बाबतीत तीच हलत असते. केरळमध्ये २०१२ साली तारलीचे उत्पादन सुमारे ४ लाख टनांवर होते, आणि २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली आले. पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हीचे उत्पादन १९७० च्या सुमारास सव्वा कोटी टनांच्या आसपास पोहोचले होते. १९७२ च्या एल निन्योनंतर, १९७३ पर्यंत ते २० लाख टनांच्या खाली घसरले. दोन्हीकडे तापलेले पाणी आणि जाळी या दोघांचा वाटा होता. प्रारूपाला मात्र एकच आरोपी ठाऊक असतो, त्यामुळे ते सगळा दोष जाळ्यांवर टाकते किंवा, पाणी पुन्हा अनुकूल झाले की, सगळे श्रेय बंदीला देते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पावसाळ्यातली अन्नद्रव्ये वर आणणारी उसळी यांची नोंद उत्पादनाच्या आलेखाखाली त्याच काळरेषेवर ठेवावी.

या सगळ्या गोंधळातून सुटण्याचा खरा मार्ग म्हणजे मासेमारीवर अवलंबून नसलेली पाहणी : ध्वनिलहरींनी थवे मोजणारे संशोधन जहाज, किंवा बारीक जाळ्याने पाण्यातली अंडी गोळा करून प्रजननक्षम साठा किती असावा याचा उलटा हिशेब. ते काम महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. पण कोणत्याही अहवालात साठ्याचे टन दिलेले दिसले की, ते अशा पाहणीतून आले की केवळ बंदरावरच्या आकड्यांतून, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निकाल लिहिताना

अहवालाचे शेवटचे पान एका कागदात मावावे. त्यात हे असावे : जात, बंदर, जाळे आणि महिने, मोजलेल्या माशांची संख्या आणि नौकांची संख्या (कारण एका थव्यातले मासे एकमेकांसारखे असल्याने पाच नौकांतून घेतलेले हजार मासे हे खऱ्या अर्थाने पाचच नमुने असतात), उपसा-गुणोत्तराचा पट्टा, पक्व माशांचे शेकडा प्रमाण, शोधाचे तास, आणि ज्या गोष्टी मोजल्या नाहीत त्यांची स्पष्ट कबुली. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या कागदावर तारलीपुढे ‘उपसा सीमेवर, साठ्याच्या आकाराबद्दल निष्कर्ष नाही’ असे लिहिले आहे. एका विद्यार्थ्याला ते अपुरे वाटले आणि त्याने सोलापूरच्या बाजारातल्या पहिल्या चार महिन्यांचे मासे त्यात मिळवून संख्या वाढवण्याची सूचना केली. ते आकडे आम्ही वेगळ्या वहीत, ‘प्रतवारी झालेला माल’ असा शेरा मारून ठेवले आहेत.

हा कागद एका हंगामापुरता असतो. दोन-अडीच वर्षे जगणाऱ्या माशाच्या थव्यात दरवर्षी निम्म्याहून अधिक मासे नवे असतात, म्हणून मे महिन्यात काढलेले गुणोत्तर ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर पकडल्या जाणाऱ्या पिढीबद्दल फारसे काही सांगत नाही. ऑगस्टच्या पहिल्या नौकांपासून मापनफळी पुन्हा धुऊन काढावी आणि आलेखाच्या डाव्या बाजूला ७-८ सेंटिमीटरचे नवे शिखर कोणत्या महिन्यात उगवते, ते पाहावे.